झाकण हवेत होतं तेव्हा

वर गेलेली वस्तू खाली येते, एवढ्या एका गोष्टीवर माझं पोट बरीच वर्षं चाललं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. मी अपघातांची पाहणी करणारा सर्व्हेअर होतो. कारखान्यात आग लागली, स्फोट झाला, छप्पर बसलं की विमा कंपनी आमच्यापैकी कुणाला तरी पाठवायची. काय मोडलं, किती मोडलं आणि कशामुळे मोडलं ते बघून यायचं आणि अहवाल द्यायचा. पहिल्या दोन गोष्टी डोळे असलेला कुणीही करील. तिसरीला डोकं लागतं, आणि पुष्कळदा जाड कातडी.

राहायला मी पालघरला, काम मात्र बहुतेक बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. भाताची खाचरं बुजवून तिथे प्लॉट पडले, आणि बघता बघता रंगांचे, औषधांचे, नाना रसायनांचे कारखाने उभे राहिले. स्कूटरवरून जाताना नाल्याकडे पाहिलं की आज कुणाकडे काय शिजतंय ते मला कळायचं. नाला कधी पिवळा, कधी जांभळा. अशा ठिकाणी सर्व्हेअरला कामाची ददात नसते.

स्फोटाच्या जागी वेग मोजायला कुणी यंत्र लावून बसलेलं नसतं. मागे राहतात त्या फेकल्या गेलेल्या वस्तू. एखादी वस्तू किती उंच गेली हे कळलं तर ती किती वेगानं सुटली हे कळतं, आणि वेगावरून आत दाब किती होता याचा अंदाज येतो. गणित शाळेतलंच आहे. वर जाणाऱ्या वस्तूचा वेग पृथ्वी दर सेकंदाला साधारण दहा मीटरनं कमी करत जाते. कमी होत होत तो संपतो, वस्तू क्षणभर थांबते आणि परत फिरते. जायला जेवढा वेळ, यायला तेवढाच. हवेमुळे थोडा फरक पडतो, पण जड लोखंडाला हवा फारशी अडवत नाही.

सुरुवातीच्या काळात मनोरच्या बाजूला एका खाणीतल्या सुरुंगाचा धोंडा कौलं फोडून कुणाच्या तरी पडवीत पडला होता. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. खाणमालक म्हणाला, "आमचा दगड एवढ्या लांब येतच नाही. गावातल्या पोरांनी मारला असेल." तो धोंडा बाजूला सरकवायला तीन माणसं लागली. मी त्याला म्हटलं, "अशी पोरं गावात असतील तर सुरुंग कशाला लावता? त्यांनाच कामावर घ्या." त्या वाक्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. पुढे असले विनोद सुचेनासे झाले. ते ज्या प्रकरणानंतर सुचेनासे झाले, ते सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर फुटला. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनं शिजवायचा बंद हंडा. खोलीएवढा मोठा, वरती माणूस उतरेल एवढं तोंड, आणि त्या तोंडावर बोल्टांनी आवळलेलं बिडाचं झाकण. झाकणाचं वजन एका धडधाकट माणसाएवढं. ते झाकण उडालं आणि शंकर माने नावाचा ऑपरेटर त्याखाली सापडून जागच्या जागी गेला. माने सातारा भागातला. वसाहत नवी होती तेव्हापासून तिथे कामाला होता, वयानं चाळिशी ओलांडलेला. त्याच्याबरोबर पाळीवर जान्या वांगड होता. जवळच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, ठेकेदाराचा मजूर, बायकोपोरांचा बाप. तो वाचला, पण पाठ भाजली आणि एक पाय मोडला.

मी पोचलो तोवर चार-पाच दिवस झाले होते. मॅनेजर कर्णिक फाटकापर्यंत सामोरे आले. गोड बोलणारा, स्वच्छ शर्टातला माणूस. त्यांनी मला शेड दाखवली आणि मी चकित झालो. छपरावर नवे कोरे पत्रे. हंड्यावरची सुरक्षा झडप नवी. जमीन धुतलेली, खांबांना रंग दिलेला. अपघातानंतर इतका टापटीप कारखाना मी त्याआधी पाहिला नव्हता.

"पावसाचं काही सांगता येत नाही, म्हणून पत्रे बदलून घेतले," कर्णिक म्हणाले.

"आणि झाकणाचे बोल्ट?"

"भंगारात गेले असतील. साफसफाईत काय काय गेलं, कोण बघतंय?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "राऊतसाहेब, कारण सरळ आहे. आत दाब असताना त्या वांगडनं बोल्ट उघडले. झाकण उसळलं आणि शेजारी उभ्या असलेल्या मानेच्या डोक्यात बसलं. पोलिसांनीही तेच लिहून घेतलंय. तुम्हाला एका ओळीचं काम."

झाकण हंड्यापासून चार-पाच पावलांवर ठेवलेलं होतं. माने तिथेच पडला होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मी झाकणाभोवती फिरलो आणि सवयीनं वर पाहिलं. पत्रे नवे होते, पण ज्या लोखंडी अँगलवर ते टेकतात तो बदललेला नव्हता. झाकणाच्या नेमका वर तो अँगल वाकला होता. त्यालाही रंग लावलेला होता, तरी बाक लपत नव्हता. अँगल खालच्या बाजूला वाकला होता.

खालून उसळलेल्या झाकणानं तो वर वाकायला हवा. खाली वाकला, म्हणजे त्याच्यावर जे पडलं ते आभाळातून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात गेलो. जान्या पालथा पडला होता, पाठीवर ओलं फडकं. खाटेशी हवालदार बसलेला, कारण जान्यावर गुन्हा दाखल झाला होता. दाराशी एक बाई उभी होती, कपाळ मोकळं. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. मी आत शिरताना ती मला म्हणाली, "तुमी डाक्टर हाय का?"

"नाही. मी अपघात बघायला आलोय."

"मग बघा. त्यो बघा पडलाय. त्यानं माझ्या मालकाला खाल्लं." एवढं बोलून ती जिना उतरून गेली. ती मानेची बायको हिराबाई. हवालदारानं सांगितलं की ती रोज येते, दारात उभी राहते आणि जान्याकडे बघते.

मी जान्याशेजारी बसलो. "बोल्ट तू उघडलेस?"

"नाय."

"मग झाकण कसं उडालं?"

"मना काय ठाव, साहेब? बार झाला. मी पडलू. पायावर पाइप आला, हलता येईना. मानेभाऊ दारात व्हता, हात धूत. त्यो आला. मना काखेत धरला नी वढाय लागला. मंग वरशी झाकान पडला."

"बार झाल्यावर माने आला?"

"हां. बार झाल्यावर."

हवालदार हसला. "ऐकलंत, साहेब? बार झाला, मग माणूस दारातून चालत आला, ह्याला धरलं, ओढलं, आणि मग झाकण पडलं. तोवर झाकण काय आभाळात बसलं होतं? फौजदारसाहेबांनी ह्याला तीनदा विचारलं. तीनदा हेच सांगतो. खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं."

जान्यानं तोंड उशीत खुपसलं. माझ्या डोळ्यांपुढे तो वाकलेला अँगल होता. हवालदारानं थट्टेत विचारलेला प्रश्न खरा होता, आणि त्याला उत्तरही होतं. फक्त ते शाबीत करायला कुणीतरी झाकण वर गेलेलं पाहिलेलं असायला हवं होतं.

कारखान्यात कुणी तोंड उघडणार नव्हतं. पण अपघात दुपार कलताना झाला होता, आणि कुंपणापलीकडे ताडांची रांग होती. शेंड्यांना मडकी टांगलेली दिसत होती. ताडी उतरवणारा माणूस त्या वेळी झाडावर असणार, म्हणजे इतर सगळ्यांपेक्षा आभाळाच्या जास्त जवळ.

त्याचं नाव काशिनाथ. मी गेलो तेव्हा तो झाडाखाली सुरीला धार लावत होता आणि त्याची बायको यमुना मडकी धूत होती. मी विषय काढल्यावर तो बराच वेळ दगडावर सुरी घाशीत राहिला.

"बघितला ना मी," शेवटी तो म्हणाला. "बार ऐकला, मान वळवली, तर पत्र्यातून काळा ताटासारखा काय तरी वर चाललेला. माझ्यापेक्षा वर गेला. त्या कारखान्याच्या चिमणीच्या पण वर. मी म्हटला, आता ह्यो खाली कुठं येतो? आमच्या डोक्यावर आला तर?"

"मग?"

"मंग थांबला. खरं सांगतो, थांबला. नी परत तिथंच गेला खाली."

यमुना म्हणाली, "हे मना हाका मारत व्हते, वर बघ, वर बघ. मी बघेपर्यंत धाडकन आवाज."

"पोलिसांना सांगितलंत?"

"इचारलाय कोनी?" काशिनाथ म्हणाला. "नी आमी कशाला जाऊ? ही झाडं ज्यांच्या जमिनीत हायत, ते त्या कारखान्याच्या शेटचे दोस्त."

मी त्याला जान्याबद्दल सांगितलं. बोल्ट उघडल्याचा आरोप आहे, तुरुंगात जाईल, म्हटलं. काशिनाथनं बायकोकडे पाहिलं. ती मडकं धूत राहिली, पण हात सावकाश झाले. "सांगा ना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बघितला तो बघितला."

मला ताडावर चढता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कंपासपेटीतला कोनमापक नेला, त्याच्या मध्यातून दोरा ओवून खाली वजन बांधलं. काशिनाथला जमिनीवर दोन-तीनदा करून दाखवलं: झाकण जिथे थांबलेलं दिसलं, तिकडे ह्या सरळ कडेनं नेम धरायचा आणि दोरा जिथे लोंबेल तिथे अंगठ्यानं दाबून धरायचा. तो वर गेला, नेम धरला आणि दाबलेला अंगठा न हलवता, एका हाताच्या आधारानं खाली उतरला. असं मी त्याला तीन वेळा करायला लावलं. तीनही वेळा दोरा जवळजवळ एकाच जागी होता. झाडापासून शेडपर्यंतचं अंतर आम्ही फितीनं मोजलं, त्याच्या डोळ्यांची उंची दोरीनं. कोन, अंतर आणि ही उंची, यांवरून झाकण कुठवर गेलं ते निघतं. उत्तर साठ मीटरच्या आसपास आलं. वीस मजल्यांची इमारत धरा.

आता वेळ. वरून सोडलेली वस्तू किती सेकंदांत किती खाली येते याचा एक सोपा हिशेब आहे: सेकंदांना सेकंदांनीच गुणायचं आणि वर पाचनं गुणायचं, म्हणजे मीटर येतात. साडेतीनच्या साडेतीनपट म्हणजे सव्वाबारा, त्याच्या पाचपट सुमारे साठ. म्हणजे साठ मीटर उतरायला साडेतीन सेकंद. चढायलाही तितकेच. एकूण सात.

एका वाटेनं आलेल्या उत्तरावर मी विसंबत नसे. म्हणून काशिनाथ-यमुनेला म्हटलं, त्या दिवशी जे बोललात, केलंत, ते जसंच्या तसं पुन्हा करा. काशिनाथ वर चढला. मी खालून टाळी वाजवली, तो बार. "अगं यमुना! वर बघ! अगं वर, चिमणीकडं!" यमुनेनं मडकं खाली ठेवलं, हात पदराला पुसले, डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहिलं. "इथं आवाज झाला," ती म्हणाली. मी घड्याळ दाबलं. सात सेकंदांपेक्षा थोडे कमी. पुन्हा केलं, तर थोडे जास्त. आवाज शेडपासून झाडापर्यंत यायला वेळ घेतो, पण बार आणि पडण्याचा धडाका, दोन्हींना सारखाच उशीर होतो. मधलं अंतर बदलत नाही.

सात सेकंद झाकण हवेत होतं. जान्या खरं बोलत होता.

दुसरी गोष्टही त्यातूनच निघत होती. बोल्ट सैल केले तर फटीतून वाफ फुसफुसत निघते. झाकण उचललं जातं आणि कलंडतं. घरी कुकरचं झाकण घाईनं उघडणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. बिडाचं जड झाकण वीस मजले वर जायचं तर सगळे बोल्ट शेवटपर्यंत घट्ट असावे लागतात आणि आतला दाब इतका वाढावा लागतो की ते एकदम तुटावेत. असा दाब बाहेर सोडायला सुरक्षा झडप असते. ती चोंदलेली असली तरच तो वाढतो. आणि जुनी झडप कुठे गेली, हे कुणी सांगत नव्हतं.

मी हे सगळं अहवालात लिहिलं. कर्णिकांनी मला घरी फोन केला. आवाज गोडच होता. "राऊतसाहेब, एका मेलेल्या माणसासाठी आणि एका अडाण्यासाठी तुम्ही इतकं आकाशपाताळ एक करताय?"

"आकाश तेवढं केलं," मी म्हणालो. "पाताळ तुमच्याकडे आहे." तो माझा शेवटचा विनोद असावा. त्यानंतर वसाहतीतले बरेच कारखाने 'राऊत नको, दुसरा सर्व्हेअर पाठवा' असं कळवू लागले.

खटला पालघरच्या कोर्टात चालला. तारखांवर तारखा पडत गेल्या. जान्या कुबडी घेऊन पाड्यावरून यायचा, झाडाखाली बसून राहायचा आणि नवी तारीख घेऊन परत जायचा. प्रत्येक तारखेला हिराबाईही यायची. ती बोईसरला चाळीत राहत होती, दोन मुली आणि सासू. जान्यापासून लांब, पायरीवर बसायची. त्याच्या वकिलानं मला आणि काशिनाथला साक्षीला बोलावलं, तेव्हा जवळजवळ तीन वर्षं उलटली होती.

काशिनाथ धुतलेला सदरा घालून आला. घाबरला होता, पण जे पाहिलं ते त्यानं सांगितलं. मग मी उभा राहिलो. उंची, वेग, वेळ, सगळं जमेल तितक्या साध्या शब्दांत मांडलं. सरकारी वकील उठले. "सात सेकंद! अहो, सात सेकंद म्हणजे चुटकी. तेवढ्यात एक माणूस दारातून आत येतो, दुसऱ्याला पाइपाखालून काढतो, चार पावलं ओढत नेतो? हे तुमच्या कागदावर होत असेल."

मी काही बोलण्याआधी न्यायाधीशांनी हात वर केला. वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "आपण बघू या. मी सांगेपर्यंत कुणी बोलू नका."

कोर्ट गप्प झालं. त्याच वेळी पट्टेवाला दारातून आत आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो बाकांच्या मधून चालत आला, वाटेत एका म्हाताऱ्याची खाली पडलेली काठी उचलून त्याच्या हातात दिली, पुढे आला, लेखनिकाच्या टेबलावर फाइल ठेवली आणि सगळे आपल्याकडे का बघताहेत म्हणून गोंधळून उभा राहिला.

"झाले सात सेकंद," न्यायाधीश म्हणाले.

सरकारी वकील खाली बसले. मला त्या वेळी काय वाटलं ते लपवत नाही. इतकी वर्षं आकडेमोड केली ती आज एका माणसाच्या कामी आली, असं वाटलं. पुढच्या तारखेला जान्या सुटला.

मी आवारात स्कूटर काढत होतो. हिराबाई समोर आली. जान्या तिच्या मागे दहा-बारा हातांवर कुबडीवर उभा होता. त्याला तिच्या पाया पडायचं होतं, पण पुढे यायचा धीर होत नव्हता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"साहेब, मला तुमचं गणित कळलं न्हाई," ती म्हणाली. "पर एक सांगा. बार झाला तवा त्ये दारात हुते?"

"हो."

"दारात त्यास्नी काय झालं नव्हतं?"

"नाही. तिथवर काही पोचलं नव्हतं."

"म्हंजी आत गेले नसते तर?"

कोर्टात शपथेवर खरं बोलणं सोपं असतं. तिथे प्रश्न वकील विचारतो. मी स्कूटरचं हँडल धरून उभा राहिलो. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण ती तीन वर्षं पायरीवर बसून हेच ऐकायला आली होती.

"वाचले असते," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, जणू बाजारात भाव विचारला आणि ऐकून घेतला. मग म्हणाली, "घरी दोन पोरी हुत्या. म्हातारी हुती. मी हुते. आमची आठवण आली नसंल का हो, त्या सात सेकंदांत?"

तिनं मागे न बघता जान्याकडे हात केला.

"ह्या जान्याचा राग करणं सोपं हुतं, साहेब. रोज उठायचं आन् त्याला शिव्या घालायच्या. त्येवर तीन वर्सं काढली. आता तुमी म्हणताय त्यानं काय केलं न्हाई. मग मी राग कुणाचा करू? माझ्या मालकाचा करू?"

ती वळली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. जान्या वाटेतून बाजूला झाला, तरी ती त्याला वळसा घालूनच गेली.

कारखान्यावर कसलाही खटला झाला नाही. चौकशी चालू आहे, असं काही वर्षं ऐकत होतो. नंतर ऐकूही येईना. कर्णिक दुसरीकडे मोठ्या जागेवर गेले. काशिनाथला पुढच्या हंगामात ते ताड मिळाले नाहीत. तो दांडी गावाकडे कुणाच्या वाडीत लागला. भेटला की हसून म्हणायचा, "तुमच्यापायी झाडं गेली, साहेब," आणि मला त्यावर कधी नीट हसता आलं नाही. जान्याचा पाय आखूडच राहिला. कारखान्यात त्याला कुणी घेतलं नाही. पावसाळ्यात डोंगरावरच्या तुकड्यात नाचणी-वरी, बाकी वर्षभर बायको वीटभट्टीवर आणि तो तिथे पोरं सांभाळायला.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, नव्वदच्या दशकात, मी एका जळालेल्या गोदामाच्या पाहणीला बोईसरला गेलो होतो. दुपारी जेवायला एका खाणावळीत शिरलो. पत्र्याची शेड, चार बाकं, कामगारांची गर्दी ओसरलेली. पोळ्या लाटणाऱ्या बाईनं मान वर केली आणि ती हिराबाई होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं. "बसा," एवढंच म्हणाली आणि ताट वाढलं.

कोपऱ्यातल्या बाकावर जान्या होता. कुबडी भिंतीला टेकवलेली, पुढ्यात रिकामं ताट. मी बघतच राहिलो. वाढणाऱ्या बाईनं हळूच सांगितलं, "बाजारला आला का येतो. आधी मावशी त्याला उभा करत नव्हत्या. मंग एक दिस त्यांनीच हाक मारून बसवला. जेवाय घालतात नी तेच ते इचारतात."

हिराबाईनं लाटणं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि जान्याच्या समोर येऊन बसली. माझी तिला अडचण वाटली नाही. कदाचित मी आहे हे ती विसरलीही असेल.

"सांग," ती म्हणाली.

जान्यानं खाली बघत सुरुवात केली. कितीतरी वेळा सांगितलेलं, म्हणून अडखळत नव्हता. "बार झाला. मी पडलू. पायावर पाइप आला. धूर व्हता, काय दिसत नव्हता. भाऊ दारात व्हता."

"काय करत हुते?"

"हात धूत व्हता. साबन व्हता हाताला. त्याने मना हाक मारली."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, जान्या, हलू नको, मी आलो."

"मग?"

"मंग आला. पळत आला. मना काखेत धरला. त्याचा हात गार व्हता, पान्याचा. मी म्हटला, भाऊ, तू जा. तर म्हणाला, गप रे..."

हिराबाईनं हात वर केला.

"बास," ती म्हणाली. "हितंच थांब. म्होरलं मला ठावं हाय."

जान्या थांबला. ती तशीच बसून राहिली, डोळे दाराकडे लावून.